तळहातावरचं नख

वन्सं,

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि ओळ धरून लिहिता येत नाही. चौथीनंतर पेन हातात आलं ते रेशनच्या वहीवर सही करण्यापुरतं. तुम्हाला तर कधीच वाचता आलं नाही, मग तुमच्याकडे कसली माफी, असं कुणीही म्हणेल. पण माझा हात चुकला की तुम्ही मनगटावर टिचकी मारायचा आणि तोच शब्द परत सांगायला लावायचा. आता टिचकी मारायला कुणी नाही, म्हणून चुका पोटात घाला.

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. आलेगेलेले एकच वाक्य बोलून गेले, "सुटली बिचारी." मी चहा देत होते आणि मोजत होते, यातल्या किती जणांनी तुमच्या हातात कधी एक तरी शब्द ठेवला. एकानंही नाही. बहिऱ्या कानात ओरडायचे, डोक्यावर थोपटायचे, "देवाची करणी" म्हणायचे आणि उठायचे. सगळ्यांत मोठ्यानं भावजी रडले. तुमचा सख्खा भाऊ, माझे थोरले दीर. छाती पिटून रडले. तुमचे हात तेव्हा घोंगडीवर सरळ करून ठेवले होते. ते पाहून मी मनात म्हटलं, रडून घ्या भावजी. तुमचा हिशेब माझ्याकडे आहे.

असं कुणाबद्दल लिहू नये. पण तुमच्याशी खोटं बोलायचं मी एकदाच केलंय आणि ते पुरे झालं.

मी या घरात आले तेव्हा तुम्हाला दिसत होतं. ऐकू जन्मापासून येत नव्हतं. म्हसवडच्या बाजारात लोकरवाले, घरातली माणसं आणि गल्लीतला एक मुका न्हावी, अशांच्यात मिळून तयार झालेल्या खुणांनी तुम्ही बोलायचा. अर्ध्या खुणा हाताच्या आणि अर्धं बोलणं तोंडाचं. भुवया वर गेल्या की प्रश्न. गाल फुगवले की फार. नाक मुरडलं की नको. आणि मी अशी नवरी, की मान वर होत नव्हती. सांगलीकडचं हळदीच्या बाजारातलं हमालाचं घर, सात भावंडं, कुणी मोठ्यानं हाक मारली तरी मला रडू यायचं. तुम्ही हातानं विचारायचा, मी हातानं उत्तर द्यायचे, पण तोंडावर काही उमटायचं नाही. एकदा तुम्ही वैतागून चुलीशेजारच्या भिंतीला हात लावला आणि मग माझ्या गालाला. म्हणजे दोन्ही सारखंच. सारवलेलं. मला त्याचा राग आला नाही, कारण खरं होतं.

मग तुमचे डोळे जाऊ लागले. आधी संध्याकाळी दिसेनासं झालं, मग बाजूचं. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं राहिलं, आणि दोन वर्षांत नळीही बुजली. घरातल्यांनी हात खाली टाकले. आता हिला खुणा दाखवून उपयोग काय, म्हणाले. तुम्ही खोलीत बसून चातीवर लोकर कातायचा. कुणी आत आलं की मान त्या बाजूला वळायची, जमीन हलल्याचं तुम्हाला कळायचं. माणूस काही न करता परत जायचं. तुमची मान तशीच वळलेली राहायची.

मी माहेरी गेले तेव्हा सांगलीच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या एका बाईंना भेटले. कशी भेटले ते मलाच ठाऊक, तीनदा दारातून परत आले होते. बाई म्हणाल्या, "घेऊन या त्यांना. डोळे गेले तर जाऊ द्या, हात आहेत ना?" पंधरा दिवस आपण माझ्या आईकडे राहिलो. बाईंनी पहिल्यांदा तुमचे हात माझ्या हातांवर ठेवले, असे, की माझे हात हलतील तसे तुमचे त्यांच्यावर स्वार होऊन हलतील. मी "पाणी" केलं. तुम्ही थांबलात. परत केलं. तुमच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो ऐकून आईच्या हातातलं ताट पडलं.

त्याच दिवशी संध्याकाळी घोटाळा झाला. मी तुमच्या हाताखाली विचारलं, "तुम्ही जेवलात?" भुवया वर केल्या सवयीनं, तुम्हाला कुठून दिसणार. तुमच्या हाताला कळलं ते एवढंच, की तुम्ही जेवलात. म्हणजे जेवण संपलं, उठा. तुम्ही मुकाट उठून भिंतीला टेकून बसलात, उपाशी. आई म्हणाली, "आगं, पाहुण्या रुसल्या का काय?" दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं तर त्या हसून लोटपोट. म्हणाल्या, "चेहरा हातात उतरवायचा. इथं तोंड कुणी बघत नाही."

मग ते शिकलो. तळहाताच्या मध्ये अंगठ्याचं नख टेकवलं की प्रश्न. मूठ करून दोनदा टेकवली की हो. तळहात पुसला की नाही. मनगटापासून कोपरापर्यंत बोटं मुंग्यांसारखी पळवली की मी हसतेय. एकच बोट हळू खाली ओढलं की मी रडतेय. पण खरी गंमत शिकवून येत नाही, ती आपली आपल्याला कळत गेली. "शेळी व्याली" हे शब्द तेच. हात झटपट चालला तर करडू उड्या मारतंय. हात जड झाला, शेवटी तुमच्या बोटांवर तसाच पडून राहिला, तर पुढचं सांगायला लागत नव्हतं. तुम्ही उठून शेळीकडे जायचा.

आणि ज्या माझ्या तोंडावर काही उमटत नव्हतं, तिच्या हातात सगळं उमटायला लागलं. मला जन्मात कुणी बडबडी म्हटलं नाही. तुम्ही म्हटलंत. तुम्ही माझं नाव ठेवलंत, अंगठा तळहातावर चोळायचा, हळद. माझ्या हातांना माहेरचा वास येतो म्हणून. भावजींचं नाव बोटाच्या टोकाला पीळ देऊन, मिशी. त्यांनी मिशी काढून दहा वर्षं झाली होती, तरी तुमच्यासाठी ते मिशीच.

थंडीत आपण एका घोंगडीखाली बसायचो. भावजी समोर जेवायला. थोरल्या दिरासमोर मी पदर पुढं ओढून गप्प, आणि घोंगडीखाली हात चाललेले. तुम्ही विचारायचा, "मिशी काय करतोय?" मी सांगायचे, "कढी भुरकतोय. हनुवटीवर ओघळ." मुंग्या माझ्या कोपरापर्यंत पळायच्या. "कितवी भाकरी?" "पाचवी." तुमचे खांदे हलायचे. भावजी म्हणायचे, "थंडी वाजत्या वाटतं तिला." मी मान हलवायचे. अख्ख्या आयुष्यात तेवढी एकच चैन मी केली.

आता त्या दिवसाचं लिहिते.

लोकर कातून आणि शेळ्या विकून तुम्ही साठ हजार साठवले होते. कशासाठी, ते घरात मलाच माहीत होतं. सांगलीला बाईंकडे महिन्याला तुमच्यासारखी चार-पाच माणसं जमत होती. ना दिसतं, ना ऐकू येतं, आणि हातात हात घालून दिवसभर बोलतात. तुम्ही एकदा गेलात आणि परत येताना एसटीत सगळी वाट माझ्या हातात बोलत होता. त्यातला एक पूर्वीचा फौजी होता, त्याच्या हातातल्या शिव्यासुद्धा कळल्या, म्हणालात. तुम्हाला तिथं वर्षभर खोली घेऊन राहायचं होतं. "एकाच हाताशी किती बोलू?" असं तुम्ही विचारलंत. मला लागलं. मी हात काढून घेतला. तो वाद आपला तसाच राहिला. माझ्याशी बोलणं पुरत नाही याचा मला राग आला होता, वन्सं. तुमचं बरोबर होतं. मला जगात हजार तोंडं ऐकू येतात आणि तुम्हाला एक हात. पण हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

त्याच सुमाराला भावजींनी मला ओसरीवर बोलावलं. म्हणाले, "उद्या तिला घिऊन ब्यांकेत यायचं. आंगठा लागतोय. तिला सांगायचं, पेन्शनचा कागुद हाय." मी पदराआडून म्हटलं, "कसला कागुद हाय?" तर म्हणाले, "तुला काय करायचंय? ह्या घरात ऱ्हायचं हाय का न्हाई? का लावू मुंबईला फोन?" मुंबईला म्हणजे माझ्या मालकांना. ते गोदीत हमाली करतात आणि थोरल्या भावापुढं त्यांचा शब्द चालत नाही.

बँकेतला माणूस चांगला होता. कागद पुढं सरकवून त्यानं मलाच सांगितलं, "ताई, यांना नीट विचारा. सगळे पैसे काढायचेत ना?" रक्कम शब्द मला वाचता येतो, वन्सं. आकडाही येतो. चौथीपर्यंत एवढं शिकवतात. भावजी माझ्या मागं उभे होते, त्यांचा श्वास मानेवर येत होता. मी तुमचे हात माझ्या हातांवर घेतले आणि सांगितलं, "पेन्शनचा कागद. अंगठा द्या."

तुम्ही थांबलात. नख माझ्या तळहातात टेकवलंत. "पेन्शनचा?"

मी मूठ दोनदा टेकवली.

तोंडानं खोटं बोलताना माणूस तोंड फिरवू शकतं. माझे हात तुमच्या हातात होते. ते गार पडलेले होते, अंगठा थरथरत होता, मूठ टेकली ती मेलेल्या करडाच्या पायासारखी. तुम्हाला कळलं. मला कळलं की तुम्हाला कळलं. बँकेतल्या माणसानं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "हो म्हणाल्या." एक खोटं तुमच्या हातात आणि दुसरं त्याच्या कानात. तुम्ही अंगठा पुढं केलात. अंगठा पुसताना तुम्ही माझा पदर घेतला नाही. भिंतीला पुसलात.

का दिलात अंगठा? मला वाचवायला की मला कायमची शिक्षा करायला? हे विचारायचं राहिलं.

त्यानंतर चाळीस दिवस तुम्ही मला हात दिला नाही. मी जवळ बसले की मूठ मिटायची. आपल्याला नको असलं तरी कान बंद करता येत नाहीत, पण तुम्ही मूठ मिटून सगळं जग बाहेर ठेवू शकत होता. मी तुमच्या मिटलेल्या मुठीवर नख टेकवायचे, बोट ओढायचे, मी रडतेय, मी रडतेय. मूठ उघडत नव्हती. बोलायला दुसरं माणूस नसताना तुम्ही चाळीस दिवस गप्प राहिलात. एवढा राग करायची ताकद मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. आता वाटतं, थोडी माझ्यात ठेवून गेलात.

एकेचाळिसाव्या दिवशी हात पुढं आला आणि म्हणाला, "आमटीत मीठ नाही." बस्स. पुढं कधीही मी तो विषय काढला की मूठ मिटायची.

त्या पैशांचं भावजींनी लोखंडी गेट केलं. घराला धड गिलावा नाही आणि दारात वाघाचं तोंड असलेलं दोन फळ्यांचं गेट, वर लोखंडी अक्षरात त्यांचं नाव. तुम्ही अंगणात येता-जाता ती अक्षरं चाचपायचा. एकदा मला विचारलंत, हे काय? मी सांगितलं, मिशीचं नाव. तुम्ही एकेक अक्षर परत चाचपलंत आणि मग हात लुगड्याला पुसलात. तेवढ्यानं मला कळलं, पैसे कुठं गेले ते तुम्ही ओळखलंत.

शेवटचे तीन दिवस तापात गेले. शेवटच्या दुपारी तुम्ही माझा हात ओढून घेतलात आणि तळहाताच्या मध्ये नख टेकवलंत. जोरात. पुढं शब्द येईल म्हणून मी थांबले. आला नाही. नुसता प्रश्न, शब्दाशिवाय. मी पाणी दिलं, तुम्ही प्यायला नाहीत. नख तसंच राहिलं, आणि मग त्यातला जोर गेला. दोन दिवस ती खूण माझ्या हातावर होती. कदाचित तुम्हाला शेळीचं विचारायचं असेल. कदाचित "कितवी भाकरी?" पण मी त्याचा एकच अर्थ लावला. कधी?

दहाव्याला माणगंगेच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. याचं कारण तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. उजाडता उजाडता मी पाटीभर दूध-भाकरीचा काला घेऊन वरच्या अंगाच्या बाभळींखाली गेले होते. पंचक्रोशीतले कावळे जेवून तट्ट झाले होते. तुमचा जीव ताटकळत ठेवला असेल तर मला शाप द्या. पण एवढी माणसं मला परत कधी मिळणार होती?

अर्धा तास झाला. ऊन चढलं. कुणी म्हणालं, शेळ्या सांभाळू. कुणी म्हणालं, वर्षश्राद्ध नीट घालू. कावळे बाभळीवर चोची पुसत बसलेले. भावकीतले तात्या, सगळ्यांत वडीलधारे, कंटाळून म्हणाले, "आरं, तिची काय विच्छा व्हती त्ये कुनाला ठावं हाय का? ती बोलायची तरी कुनासंगं?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

जिच्या हातून भावजींनी तुम्हाला खोटं सांगितलं, तीच आता तुमची जीभ होती आणि ती खरी की खोटी हे तपासायला गावात दुसरं कुणी नव्हतं. मी बायकांतून उठले, पुरुषांच्यात गेले आणि भावजींचा हात धरला. थोरल्या दिराचा. बायकांनी "आगं बया" केलं. त्यांची मूठ उघडली आणि तळहाताच्या मध्ये अंगठ्याचं नख रोवलं. नुसतं टेकवलं नाही.

"आवं, सोड! येडी झाली का काय ही?"

तात्या म्हणाले, "काय म्हनत्या ती?"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "वन्सं इचारत्यात. माझं पैसं कवा देनार."

"कसलं पैसं?"

"ब्यांकेतलं. साठ हजार. पेन्शनचा कागुद म्हनून आंगठा घेतला त्ये. त्येचं ग्येट झालं."

भावजी ओरडले, "आंगठा तिचा व्हता! आन् सांगितलं कुनी तिला? तूच सांगितलंस न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. "मीच सांगितलं. ह्याच हातानं. म्हनून ह्याच हातानं इचारत्या."

मागून एक म्हातारी भावजींना म्हणाली, "आवं आण्णा, द्या की शबूद. कावळं उपाशी बसल्यात बिचारं." मला हसू आलं असतं, पण मी नख काढलं नव्हतं. भावजींनी तात्यांकडे पाहिलं, मुंबईहून आलेल्या माझ्या मालकांकडे पाहिलं. मालक खाली बघत होते, पण हलले नाहीत, मला मागं ओढलं नाही. तेवढं त्यांचं देणं मी मानते. भावजींनी हातावर पाणी घेतलं आणि म्हणाले, "दीन. फेडीन."

एक कावळा खाली आला आणि भाताला चोच मारून गेला. तो सकाळी काल्याला आला नव्हता की तुम्ही पाठवलात, मला माहीत नाही.

शब्द दिला म्हणून पैसे येत नाहीत. तेराव्याला ते म्हणाले, कार्याचा खर्च वजा करू. मी पाहुण्यांच्या पंगतीत गेले आणि त्यांचा हात धरून नख टेकवलं. अर्धे त्या आठवड्यात आले. मग म्हणाले, दिवाळीनंतर बघू. मी सिद्धनाथाच्या देवळात गेले, ते पारावर बसले होते, हात धरला. डेअरीत, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर. बोलायचं काहीच नाही. ते मला बघून हात खिशात घालायला लागले, तर पोरं हसायची, "आण्णा, हात कुटं हायत?" एके दिवशी त्यांनी दोन्ही हात काखेत दाबले. मी समोर नुसती उभी राहिले, भाकरी करायची वेळ होईपर्यंत. वन्सं, मला मजा आली. हे पाप असेल तर असू दे. मी लाजाळू आहे, भित्री आहे, पण चाळीस दिवस कसं गप्प बसायचं हे मी तुमच्याकडे शिकले.

गेल्या आठवड्यात दहिवडीहून ट्रॉली आली आणि भावजींनी विकलेलं गेट गेलं. वाघाची तोंडं, नाव, सगळं. आता दारात दोन खांब आहेत आणि बिजागऱ्यांची भोकं. मी जाता-येता ती चाचपते.

सांगलीच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, त्या चार-पाच माणसांना बसायला अजून जागा नाही, शाळेच्या व्हरांड्यात बसतात. सोमवारी पैसे घेऊन मीच जाणार आहे. खोली वर्षासाठी घ्यायची. फौजी अजून येतो म्हणे. त्याच्याशी तुमच्याबद्दल बोलेन. शिव्याही ऐकेन.

काल दुपारी भावजी ओट्यावर आले. उरलेले पैसे माझ्या हातात ठेवले. म्हणाले, "मोजून घी." मी मोजले. त्यांनी विचारलं, "पुरं हायत?" मी मान हलवली. मग ते बसून राहिले. म्हणाले, "ती आसती तर माफ क्येलं आसतं तिनं. लय मायाळू व्हती."

मी नोटा सारख्या केल्या. तेव्हा त्यांनी उजवा हात पुढं केला, तळहात वर करून. तीन महिन्यांत एवढं तेही शिकले होते. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख त्यांनी आपल्याच तळहातावर टेकवलं आणि माझ्या मुठीची वाट बघत राहिले. दोनदा टेकवली असती तर झालं असतं. तुम्हाला इतकी वर्षं जो हात कधी मिळाला नाही, तो माझ्यापुढं उघडा होता.

मी मूठ मिटली, वन्सं, तुम्ही मिटायचा तशी, आणि नोटांसकट पदरात घेतली. पैसे पुरे झाले. एक रुपया कमी नाही.